मुफीदाची साक्ष

ट्रॅक्टर जमीनदार फानूसचा मुलगा राफत चालवत होता, हे हबाशीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. भर दुपार होती. गुऱ्हाळात हबाशी आणि त्याची बायको मुफीदा काकवीच्या काहिलीपाशी उभे होते, आणि फानूसचा ड्रायव्हर अब्दुल मौजूद तिथेच ओट्यावर चहा पीत बसला होता. तेवढ्यात ट्रॅक्टर कालव्याच्या पुलावरून सुसाट आला आणि घासाचे भारे घेऊन निघालेल्या म्हाताऱ्या इस्माईलला गाढवासकट चिरडून गेला.

पण ट्रॅक्टर ड्रायव्हर चालवत होता असं फानूसने सांगितलं, आणि पोलिसांनी धरून नेलं ते अब्दुल मौजूदला.

"तू काय पाहिलंस?" हवालदाराने हबाशीला विचारलं. फानूस शेजारीच जपमाळ फिरवत उभा होता. मुफीदा इस्माईलच्या बायकोला सावरायला गेली होती. हबाशी म्हणाला, "माझं डोकं काहिलीत, साहेब. धुरात काय दिसणार?"

फानूसला सगळे मुअल्लिम, म्हणजे मालक म्हणत; तो गावातल्या ख्रिस्ती मंडळींचा आधारवड. चर्चचं छत त्याने घातलेलं, आणि हबाशीच्या गुऱ्हाळात येणारा सगळा ऊस त्याच्याच शेतातला. मुफीदाला नवऱ्याचं बोलणं कळलं तेव्हा ती भांडली नाही. नेहमीसारखी मुलाच्या नावाने, 'बिशोयचा बाप' अशी हाक मारून एवढंच म्हणाली, "मला मात्र दिसलं, अबू बिशोय. मी कोर्टात सांगणार."

दोन दिवसांत फानूस स्वतः गुऱ्हाळावर आला. बोट बुडवून काकवी चाखली.

"फक्कड जमलीय हो, उम्म बिशोय! ऊस कुणाचा?"

"जमीन देवाची, मुअल्लिम. ऊस तुमचा."

"मग देवाच्या माणसासारखी वाग. आपण इथे मूठभर. आपल्यातल्याच पोराला तू तुरुंगात धाडणार? आणि कुणासाठी, त्या मुसलमान ड्रायव्हरसाठी?"

"त्याला चार लेकरं आहेत. आणि त्या वेळी तो माझ्या हातचा चहा पीत होता."

"बाई, पुढच्या हंगामात काय चिपाडं उकळणार आहेस?"

तो गेल्यावर हबाशी तिच्यावर खेकसला, "त्याच्याशी वैर? उद्या खाशील काय?"

"आणि तुम्ही उद्या क्रूसाची खूण कुठल्या हाताने करणार?" मुफीदा काहिलीवरची मळी काढत म्हणाली. "आज फानूसला भ्यायचं, उद्या त्याच्या पोराला, परवा त्याच्या कुत्र्याला. माणसांना भ्यायला लागलं की भीतीला अंत नाही. मी एकालाच भिते, आणि तो मला उपाशी ठेवणार नाही. ठेवलंच, तर त्याच्या दारात उपाशी राहीन."

हबाशी चुलवणात चिपाडं सारू लागला. ती धीर मागायला चर्चच्या अबूना बिसेंतींकडेही गेली. पाद्रीबाबा खाली बघत म्हणाले, "मुली, मला त्याची भीती वाटते. तू माझ्याकडे बघू नकोस, वर बघ." तिने वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि घरी आली.

मल्लवी शहराच्या कोर्टात ती काळी ओढणी डोक्यावर घट्ट घेऊन उभी राहिली. मनगटावरचा गोंदलेला क्रूस तिने बाहीत लपवला नव्हता. हबाशी सगळ्यांच्या मागे, दाराला चिकटून बसला होता. यायचं नाही असं ठरवूनही आला होता. एवढ्या माणसांत तिचा आवाज कापेल असं त्याला वाटलं होतं. पण घरी धान्य निवडत बोलावं तसं ती बोलत होती. ट्रॅक्टर कुठून आला, कोण चालवत होतं, ड्रायव्हर कुठे बसला होता. हबाशीचा ऊर भरून आला. ही आपली बायको! या बाईने आपल्याशी लग्न केलं!

फानूसचा वकील हसला. "बाई, तुझा नवरा तिथेच होता. तो म्हणतो, धुरात काही दिसलं नाही. मग खोटं कोण बोलतंय, तू की तो?"

नवऱ्याला खोटारडा म्हणायला मुफीदाची जीभ रेटेना.

"मी!" मागून आवाज आला. हबाशी कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पुढच्या बाकावरून फानूसने मान वळवून पाहिलं. हबाशी खाली बसला नाही. "न्यायाधीशसाहेब, खोटं मी बोललो. मी घाबरलो होतो. ती म्हणते ते खरं आहे. मलाही उभं करा."

अब्दुल मौजूद सुटला. राफतला शिक्षा झाली.

फानूसने शब्द पाळला. पुढच्या हंगामात त्याच्या शेतातलं एक कांडंही गुऱ्हाळावर आलं नाही. चर्चमध्ये बायका मुफीदाच्या बाकापासून सरकून बसायच्या. तीही खुशाल ऐसपैस बसायची, आणि शेजारची जागा रिकामी म्हणून आणखी मोठ्याने गायची. एका रविवारी अबूना बिसेंतींनी प्रार्थनेनंतर प्रसादाची भाकर सगळ्यांदेखत आधी तिच्या हातात दिली.

मग इस्माईलच्या मुलांनी आपल्या जमिनीच्या दोन पट्ट्यांमधला ऊस आणून टाकला. आणखी एका-दोघांनी आणला. काहील अर्धीच भरली, त्या वर्षी काकवीही जरा पातळच झाली. पण चुलवण पेटलं.

बाजारात हल्ली हबाशीला कुणी काकवीवाला म्हणत नाही. "तो बघा, मुफीदाचा नवरा चाललाय," असं कुणी म्हटलं, चेष्टेने म्हटलं तरी, तो थांबतो, मिशीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "हो. तोच मी."