बोट जाणार नाही असा कॉम्प्युटर

दुकानदाराने विचारलं, "मॅडम, गेमिंगसाठी पाहिजे की कामासाठी?" मी म्हटलं, "बोलण्यासाठी." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चष्म्याच्या दुकानात येऊन चपला मागितल्या.

पण खरं तेच होतं. थोरलीचे बाबा लांबच्या एका साइटवर विजेचे मनोरे उभे करण्याच्या कामावर आहेत. थोरली सात वर्षांची, आणि ती फोनवर बोलत नाही. व्हिडिओ कॉल लावला की आधी स्वतःचाच चेहरा न्याहाळते, मग "हं", मग "जेवले", मग परत "हं", आणि फोन माझ्या हातात कोंबून पडद्यामागे पसार. मात्र ठोकळे रचून घरं बांधायचा तो जो खेळ आहे, त्यात संध्याकाळी दोघं एकत्र शिरले की तिच्या तोंडाची टकळी थांबायची नाही. बाबा तिकडे कॅम्पवर, ही इकडे जुन्या लॅपटॉपसमोर, कानाला हेडफोन. शाळेत कोणाची कोणाशी कट्टी आहे, कुठला दात हलतोय, बाईंनी कोणाला वर्गाबाहेर उभं केलं, हे सगळं मला स्वयंपाकघरातून कान देऊनच कळायचं. मी विचारलं तर "काही नाही".

मग तो लॅपटॉप गेला. आधी पडद्यावर रेघा आल्या, मग नुसताच काळोख. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं "हं"वर येऊन थांबलं. एकदा तर कॉल वाजायला लागल्यावर ती टेबलाखाली जाऊन बसली आणि मला म्हणाली, "सांग ना, मी अभ्यास करतेय." हातात पुस्तक नव्हतं. बाबांची सुट्टी अजून कुठल्या कुठे. तोवर या दोघांमधलं बोलणंच आटून गेलं तर?

म्हणून मी, जिला मुलं स्क्रीनसमोर बसलेली बघवत नाहीत, ती गेमिंग कॉम्प्युटर घ्यायला निघाले.

"तेवढ्या पैशात बरा लॅपटॉप मिळणार नाही, सुटे भाग निवडून जोडून घे," या एका गोष्टीवर माझा नवरा आणि माझे दीर यांचं एकमत झालं. पुढे सगळा आनंदीआनंद. नवऱ्याने निरोप पाठवला, "ग्राफिक्स कार्डावर पैसे टाक. बाकीचं चालवून घेऊ." त्या खेळात पाणी खऱ्यासारखं हलावं, झाडांच्या सावल्या पडाव्यात म्हणून त्याने काय काय घालून ठेवलंय, ते साध्या मशीनला झेपत नाही म्हणे.

मी हे भाऊजींना सांगितलं.

"दादाचं ऐकू नका, वहिनी. त्याला दिसायला छान ते सगळं पाहिजे असतं. तुम्ही प्रोसेसर दमदार घ्या. कार्ड काय, उद्याही बदलता येतं."

मी हे नवऱ्याला कळवलं.

"त्याला विचार, तू स्वतः जोडलेला कॉम्प्युटर सध्या कुठे आहे? माळ्यावर ना?"

हे मात्र मी भाऊजींना कळवलं नाही. सख्ख्या भावांमध्ये मध्यस्थी करायची म्हणजे काय कळवायचं नाही, हे आधी शिकावं लागतं.

दुपारी टिल्लू झोपला की मी व्हिडिओ बघायला बसायची. टिल्लू म्हणजे धाकटा, नुकता रांगायला लागलेला, आणि घरातल्या प्रत्येक भोकात बोट घालून बघणारा. व्हिडिओतली मुलं कोणीतरी पाठीमागे लागल्यासारखी बोलायची. पदवीच्या परीक्षेलाही मी एवढं टिपून घेतलं नव्हतं, आणि त्यातलं जे कळलं ते दुसऱ्या दिवशी खोटं ठरायचं. कार्डाचा नंबर मोठा म्हणजे कार्ड चांगलं, असं नाही. नव्या पिढीतला लहान नंबर जुन्या पिढीतल्या मोठ्या नंबरापेक्षा भारी असतो. कधीकधी नसतो. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन लहान घ्याव्यात. का, ते मला तीन मुलांनी तीन प्रकारे समजावलं. ज्याच्यावर बाकीचे सगळे येऊन बसतात आणि ज्याच्याबद्दल कोणीच फारसं बोलत नाही, त्याला मदरबोर्ड म्हणतात, एवढं एक मला पहिल्या झटक्यात पटलं.

तर असा अभ्यास करून मी टिल्लूला कडेवर घेऊन दुकानात उभी होते.

"तुमच्या मिस्टरांनी सांगितलेलं कार्ड संपलंय," दुकानदार म्हणाला. "त्याच्या जवळपासचं देतो. पण मग हा प्रोसेसर बॉटलनेक होईल."

"म्हणजे काय होईल?"

"म्हणजे कार्ड धावणार आणि प्रोसेसर मागे राहणार."

"आणि दिरांनी सांगितलेला प्रोसेसर घेतला तर?"

"मग प्रोसेसर धावणार आणि कार्ड मागे राहणार."

"दोन्ही चांगले घेतले तर?"

"मग तुम्ही मागे राहणार, मॅडम." त्याने बजेटच्या आकड्यावर पेन टेकवलं आणि स्वतःच हसला. टिल्लूने त्याचं पेन धरलं.

नवऱ्याचा दिवसा फोन लागत नाही. भाऊजींचा लागला. ते म्हणाले, "त्याला विचारा, बोर्ड पुढच्या पिढीचा प्रोसेसर घेतो का." मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "घेतो, पण मग रॅम वेगळी लागते." भाऊजी म्हणाले, "वेगळी कशाला? त्याला फोन द्या." मी फोन दिला. दोघं बराच वेळ बोलले. फोन परत आला तेव्हा भाऊजी नुसतं "ठीक आहे मग" म्हणाले, आणि काय ठीक आहे ते मला दोघांपैकी कोणीही सांगितलं नाही.

एवढ्या गोंधळात एकच प्रश्न माझा स्वतःचा होता. "या बाहेरच्या डब्याच्या जाळीतून बोट आत गेलं तर?"

"कोणाचं बोट?"

मी टिल्लूचा हात वर करून दाखवला. दुकानदाराने ते बोट बघितलं, मग कॅबिनेट बघितलं. सगळ्यांना आवडतं ते कॅबिनेट म्हणजे पुढे मोठी उघडी जाळी, तीन पंखे, आत रंगीत दिवे. टिल्लू दिवे बघून दुकानातच अंगावरून निसटायला लागला. मी साधं, काळं, बारीक भोकांचं कॅबिनेट मागितलं. "हवा जरा कमी खेळते यात," दुकानदार म्हणाला. "पण पंखे आहेत ना?" मी विचारलं. "पंखे आहेत," तो म्हणाला. पंखे आतच आहेत म्हणजे हवेचं ते बघून घेतील, असं मी धरून चालले. सगळ्या यादीतला तो एकच भाग मी खात्रीने निवडला होता, आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटला.

शेवटी कार्ड मधलं, प्रोसेसर मधला, पॉवर सप्लाय दुकानदाराच्या मर्जीचा, असं सगळं त्यानेच जोडून, चालवून दाखवून दिलं. दोन्ही भावांना मी फोटो पाठवले. दोघांनीही "चालेल" असं लिहिलं. दोघांनाही आपलं ऐकलं नाही असं वाटलं असणार.

घरी आणल्यावर मी तो खोका बघत बसले. पाठीमागे वायरींचं जंगल, वर जाळी, बाजूला जाळी. आमच्या घरात टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज आहेत, प्लगना झाकणं आहेत, ड्रॉवरना खिट्या आहेत. नवरा म्हणतो, या घरात काही उघडायचं तर अर्ज करावा लागतो. म्हणू दे. मी जाळ्यांवर आतलं दिसेल असं पातळ कापड ताणलं आणि कडांना चिकटपट्टी मारली. मग टेबलाशेजारच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, वायरींसाठी मागे भोक होतंच, कॉम्प्युटर आत सरकवला, दार लावलं आणि खिटी घातली. बाहेर फक्त स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस. मला कधी नव्हे ती शांत झोप लागेल असं वाटलं.

पहिल्या संध्याकाळी सगळं झकास सुरू झालं. थोरली खुर्चीवर मांडी घालून बसली, हेडफोन चढवले, आणि आधी नुसताच माउस फिरवत राहिली. मी भाजी चिरता चिरता थांबले. मग तिचा आवाज आला, "बाबा, आपली गाय कुठे गेली?" आणि टकळी सुरू. दात पडल्याचं बाबांना तेव्हा कळलं. मी डोळे पुसले आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे कोणी विचारलं असतं तर सांगायला बरं.

आणि स्क्रीन काळी झाली.

भिंतीवरचं बटण बंद करून परत चालू केला; वीज आली की तो आपोआप सुरू व्हायचा. चालला. ती गाय सापडायच्या आत पुन्हा गेला. दुसऱ्या संध्याकाळी तसंच. तिसऱ्या संध्याकाळीही. नेमकं बोलणं रंगात आलं की जायचा.

"पॉवर सप्लाय," भाऊजी म्हणाले. "मी म्हटलंच होतं, त्यावर काटकसर नको."

"म्हटलं नव्हतं," मी म्हणाले.

"मनात होतं, वहिनी."

नवऱ्याचा निरोप आला, "प्रोसेसर आणि कार्डाचं जमत नाहीये. माझं ऐकलं असतं तर." दुकानदार म्हणाला, "दुकानात तर चांगला चालत होता, घेऊन या." मी प्रत्येकाला जे दिसतं ते नीट वर्णन करून सांगितलं: आवाज येत नाही, वास येत नाही, स्क्रीन लागते, मग विझते. कपाटाचं कोणालाच सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. फ्रीज कुठल्या भिंतीला आहे ते आपण दुरुस्तीवाल्याला सांगतो का?

चौथ्या संध्याकाळीही गेला तेव्हा थोरलीने हेडफोन काढून टेबलावर व्यवस्थित ठेवले. तिने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "बाबांना सांग, मी झोपले."

बाहेर अजून चांगलं ऊन होतं. फोन वाजत होता. मी तो उचलला आणि "अरे, थांब जरा" एवढंच म्हटलं आणि ठेवला. कॉम्प्युटर परत करायचा, पैसे मागायचे, का दुसरा पॉवर सप्लाय घ्यायचा, का हा सगळा खेळच सोडून तिला फोनवर बोलायला शिकवायचं? कसं शिकवतात ते?

टिल्लू तेवढ्यात कपाटाच्या दाराला पाठ लावून बसला होता. आता आठवलं, तो रोज संध्याकाळी तिथेच जाऊन बसायचा. खेळणी सोडून, पाय पसरून, म्हाताऱ्या माणसासारखा. मी त्याला उचललं आणि सवयीने मानेखाली हात घातला. पाठ गरम लागली. चांगली गरम. मी त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार. पोट गार. परत पाठ, गरम. ताप असा अर्ध्या अंगाला येत नाही, एवढं मला नक्की माहीत आहे. कॉम्प्युटरबद्दल कोणी काहीही सांगावं, पण याबद्दल मला कोणी सांगू नये.

मी दाराला हात लावला.

खिटी काढली तेव्हा आतून अशी वाफ आली, जणू कुकरचं झाकण उघडलं. पंखे बिचारे फिरत होते, तीच हवा पुन्हा पुन्हा घुसळत. मी लावलेल्या चिकटपट्टीचा गोंद वितळून ओघळला होता. टिल्लू हात पुढे करून बोट नाचवायला लागला.

"आई," थोरली मागून म्हणाली, "तू त्याला स्वेटर घातला होतास?"

मी कापडं टराटरा काढली. कॉम्प्युटर बाहेर ओढला. आता प्रश्न असा की ठेवायचा कुठे? टेबलावर ठेवला तर टिल्लू वायर ओढणार. जमिनीवर ठेवला तर बोटं घालणार. मी तो हातात धरून खोलीभर फिरले. थोरली बघत होती. मग तिने कोपऱ्यातल्या लाकडी कठड्याकडे बोट दाखवलं, टिल्लूला खेळायला ठेवतो त्या पिंजऱ्याकडे.

"त्यात?"

"टिल्लूला काढ. याला ठेव."

असं आमच्या घरात सध्या आहे. कॉम्प्युटर पिंजऱ्याच्या मधोमध, टिल्लूचा हात पोहोचणार नाही असा, चारी बाजूंनी वारा खात. टिल्लू बाहेर, कठड्याचे दांडे धरून उभा राहायला शिकला आहे, आणि हा काय अन्याय आहे असं आरडाओरडा करून सांगतो. भाऊजी आले तेव्हा पिंजऱ्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "प्रोसेसर दमदार होता म्हणून तगला, वहिनी." नवऱ्याचं म्हणणं, कार्ड चांगलं होतं म्हणून.

पिंजऱ्यात ठेवल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी तो बंद पडेल म्हणून मी कामच केलं नाही. पिंजऱ्याशेजारी सतरंजीवर बसून राहिले. थोरली बोलत होती, कुणाचा तरी डबा कुणीतरी खाल्ला होता. खेळात ते दोघं घराला दुसरा मजला चढवत होते. तिकडून बाबांनी काहीतरी विचारलं असावं, कारण ती मध्येच थांबली आणि तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"आई ना? इथेच बसलीय," ती म्हणाली. "कॉम्प्युटरला ताप आहे का बघतेय."

मग परत डब्याचं सुरू झालं. माझा हात कॅबिनेटवरच होता. कोमट लागत होतं. कोमट म्हणजे ठीक, की कोमट म्हणजे सुरुवात, हे कोणाला विचारावं ते मला कळेना. टिल्लूच्या कपाळावर दुसरा हात ठेवून मी दोन्हींची तुलना करत राहिले.