भेग मोजणारा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी जरा तिरसट आहे. रोल घालताना कुणी घाई केली की मी तो मुद्दाम अडकवतो. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पण माझं आयुष्य गेलं ते एका चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर, फोटोग्राफरच्या स्टुडिओत.

तीस वर्षं मी त्याच्याकडे राबलो. ओळखपत्रांचे फोटो, लग्न जमवायचे फोटो, भोकाड पसरलेली बाळं, सगळं केलं. त्याचं नाव झालं होतं ते टचिंगसाठी. फोटोवर ओरखडा उमटला की बारीक ब्रशनं शाई लावून तो अशा सफाईनं बुजवायचा की पत्ता लागायचा नाही. पुढे मोबाइल आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. सात वर्षं मला कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मला बाहेर काढलं त्याच्या सोळा वर्षांच्या लेकीनं. तिला सगळे बारकी म्हणत. शेजारच्या जागेत नव्या इमारतीसाठी खोल खड्डा खणायला घेतला होता. दिवसभर धडधड चाले, मांडणीवरची ताटं थरथरत. आणि एक दिवस आमच्या जिन्यातल्या भिंतीवर सुतासारखी भेग दिसली. बारकीनं मोबाइलवर फोटो काढून इमारतीच्या मालकाला दाखवला. तो म्हणाला, "मोबाइलवर हल्ली काय वाट्टेल ते करता येतं." म्हणून मग तिला माझी आठवण झाली.

रोज शाळेआधी ती माझा स्टँड जिन्यातल्या त्याच फरशीवर ठेवायची. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणमावशीचा मापाचा टेप भेगेशेजारी चिकटवायची आणि एकच फोटो काढायची. मावशी चिडवायची, "काय गं, भिंतीचं लग्न जमवतेस की काय?" बारकी खुदकन हसायची. मला मात्र हसू येत नव्हतं. माझ्यासमोर ती भेग रोज थोडी थोडी वाढत होती.

मालक चिडला तर स्टुडिओची जागा जाईल, म्हणून बारकीनं वडिलांना खरं कारण सांगितलं नाही. नुसता रोल हातात दिला. "बाबा, नगरपालिकेच्या कचेरीत साहेबांना जिन्याचे फोटो दाखवायचेत." स्टुडिओ तळमजल्यावर, त्यामुळे ते जिना क्वचितच चढत; त्यांना वाटलं, मोडक्या कठड्याची तक्रार असेल, टेप त्याच्याच मापासाठी. पोरीचे फोटो साहेबांपुढे जायचे, ते नीटनेटके नकोत का? भिंतीवरची रेघ म्हणजे जुन्या रोलवरचा ओरखडा, असं समजून त्यांनी ती प्रत्येक फोटोत प्रेमानं बुजवली.

कचेरीत मी बारकीच्या गळ्यात होतो. साहेब म्हणाले, "अगं, भिंत तर कोरी करकरीत आहे!" बारकीनं फोटो पाहिले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांनी एक फोटो फायलीत लावला आणि फाइल बंद केली.

मालकाचं फावलं. त्यानं भेगेवर चुना थापला. चार दिवसांत भेग पुन्हा उघडली, आता बोटभर. तो जिन्यात उभा राहून सगळ्यांना सांगू लागला, "नवा चुना आहे, फुटणारच. भिंतीला भेग नव्हतीच कधी. सरकारी फायलीत फोटो आहे, जाऊन बघा!" लोकांना ते ऐकून बरं वाटलं. मला धडकी भरली.

मालकाचं ते बोलणं ऐकून बारकी घरी येऊन ढसाढसा रडली आणि तिनं वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश उचलून कपाटात टाकला. "हात आपोआप चालला गं," एवढंच म्हणाले. मग दोघांनी निगेटिव्हवरून सगळे फोटो पुन्हा छापले, ब्रश न लावता. जिन्याच्या प्रत्येक पायरीशी एक, असे क्रमानं चिकटवले. वर चढावं तशी भेग रुंद होत जायची. आणि आमचा फोटोग्राफर दारोदार जाऊन हात जोडून सांगत सुटला, "फायलीतला फोटो खोटा आहे. भेग मी बुजवली. घरं सोडा." तीस वर्षांचं नाव त्यानं एका दुपारी स्वतःच्या तोंडानं घालवलं. माझ्या फोटोग्राफरचा मला एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

संध्याकाळपर्यंत इमारत रिकामी झाली. पण आठ दिवस गेले, दहा गेले, इमारत आपली उभीच. पाहुण्यांच्या घरी राहून लोक कंटाळले. "पोरीनं उगाच घाबरवलं," असं म्हणू लागले. काल शिंपीणमावशी परत आली. शाळेचे गणवेश शिवायचेत, आणि तिचं ते अवजड मशीन काही खाली नेता येत नव्हतं.

आज सकाळी बारकी आणि बाबा शेवटचा फोटो काढायला आले. बारकीनं टेप लावला. भेगेत तिचा अख्खा पंजा गेला. तेवढ्यात वरून मशीनचा खडखडाट ऐकू आला. "अगं बाई, मावशी वर आहे!" मला स्टँडवर तसंच सोडून ती जिना चढत धावली. "बारके, थांब!" म्हणत बाबा तिच्यामागे गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी आपल्याला जपा म्हणून विनवायची पद्धत आहे. मला नाही जपलंत तरी चालेल. माझ्या काचेवर चुना पडतोय, पडू दे. वर बारकी जिवाच्या आकांतानं दार वाजवतेय आणि आत मशीन अजून चालूच आहे. मला नुसतं बघता येतं, ओरडता येत नाही. तुम्हाला आवाज आहे ना? मग मावशीला हाक मारा. अरे, मोठ्यानं मारा!