लाभ शेर अडतीस

बसा साहेब, बसा. वजनं कुठे पळून जात नाहीत. अडीच शेर, शेर, पाव, छटाक, तोळे, सगळी त्या पोत्यावर मांडून ठेवलीत. जुनी जमा करायची, किलोची द्यायची, तुमच्या वजनमाप खात्याचा हुकूम आहे. पण चहा सांगितलाय, आणि तुम्ही मराठी बोलता. मग एक गोष्ट ऐकल्याशिवाय तुम्हाला दाना ओलीतून, या धान्याच्या गल्लीतून, उठू देत नाही. अशी गोष्ट आहे की चहा गार होईल.

मी महिपतराव. आजोबा फौजेत होते, मी धान्याच्या दुकानात तोलाई करतो. तीस वर्षं झाली. दुकानातली माझी गादी एक इंच हलली नाही, पण मी तीन राज्यांत राहून आलो. आधी ग्वाल्हेर संस्थान, मग मध्य भारत, मग छप्पन साली मध्य प्रदेश. त्या वेळी राजधानी भोपाळ झाली आणि इथली, ग्वाल्हेरच्या या लष्कर भागातली, सरकारी दप्तरं खोक्यात भरून निघाली. माझे जावई सूर्याजीराव कारकून, ते खोक्यांसकट ट्रकात बसून गेले. पोरगी कुमुदिनी सातव्या महिन्यात. घरची भांडी बांधायला वाकली आणि कळा सुरू झाल्या. टांगा करून इस्पितळात नेली, तासाभरात मुलगी झाली.

मुलगी म्हणायची, साहेब, पण पाठ माझ्या या तळव्याएवढी. कातडी अशी की आतल्या शिरा मोजून घ्या. रडायची तर तोंड उघडायचं, आवाज नाही.

तिथे सुधाताई नर्स होत्या. चण बारीक, आवाज हवालदाराचा. त्यांनी लाकडी पेटी आणली. वर काच, आत दोन बल्ब, कोपऱ्यात पाण्याचा डबा, आणि थर्मामीटर लटकवलेला. बाळाला कापसात गुंडाळून आत ठेवलं. मी म्हटलं, "ताई, हे तर अंडी उबवायचं काम झालं."

"तसंच समजा. फक्त हे अंडं दर दोन तासांनी दूध मागतं. आणि दूध किती द्यायचं ते वजनावर ठरतं, आणि वजनाचा काटा भोपाळच्या खोक्यात गेलाय."

"कुणी पाठवला?"

"पाठवणाराच सापडत नाही. अंदाजानं दूध देतेय. जास्त झालं तर गुदमरेल, कमी झालं तर वाळेल."

मी तसाच धावलो. दुकानातून डाळ-साखर तोलायचा लहान तराजू काढला, चिंच लावून पारडी घासली, घेऊन गेलो. ताईंनी बघितलं आणि पारडी पातेल्यात टाकून उकळायला ठेवली. "कोपरापर्यंत हात धुवा," म्हणाल्या, "नखं काढा. आणि मिशी झाका." फडकं बांधून मी उभा राहिलो, दरोडेखोर दिसत होतो.

एका पारड्यात फडक्यावर बाळ. दुसऱ्यात तसंच फडकं, म्हणजे पासंग बरोबर. वर तोळे. काटा उभा राहिला. मी ओरडलो, "लाभ शेर अडतीस!"

ताई चिडल्या. "लाभ काय लाभ? आकडा सांगा."

"आम्ही एक म्हणत नाही, ताई. पहिल्या मापाला लाभ म्हणतो. एक शेर अडतीस तोळे. ऐंशी तोळे झाले की दुसरा शेर."

"दोन शेर झाली की पेटीतून काढीन," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत कुणी मला विचारायचं नाही."

मग रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी इस्पितळात. आठ दिवस उतरतच गेली. लाभ शेर तीसवर आली. ताई म्हणायच्या, अशी बाळं आधी उतरतात, घाबरू नका. मग एके दिवशी एक तोळा चढली. एक तोळा, साहेब. मी दुकानात जाऊन शेटजींना गूळ वाटायला लावला. पाटणकर बाजारातल्या हमालांनासुद्धा तिचा आकडा ठाऊक. रस्त्यातून विचारायचे, "काका, आज बिटिया कितने तोले?" एकतीस, चौतीस, अडतीस, म्हणजे जन्मली तिथे परत. सतराव्या दिवशी पंचेचाळीस. दाना ओलीत सणासारखं झालं होतं.

अठराव्या दिवशी मी काटा धरला. पंचेचाळीसला वजनांचं पारडं उठेना. तोळे काढत गेलो. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. एक्केचाळीसवर काटा उभा राहिला.

दारात कुमुदिनी उभी होती. अठरा दिवसांत तिनं पोरीला मांडीवर घेतलं नव्हतं, काचेतून बघायची. माझ्या तोंडाकडे बघत होती. मला म्हणाली, "आबा, किती?"

मी तोळे पटकन मुठीत घेतले आणि म्हणालो, "लाभ शेर सत्तेचाळीस."

तोवर कधी कुणाचा दाणा इकडचा तिकडे केला नव्हता, साहेब. गिऱ्हाईक पाठ करून उभं राहायचं, एवढा भरवसा. आणि मी सहा तोळे खोटे सांगितले. कुमुदिनी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मला वाटलं, यात वाईट काय झालं? उद्या चढेल, भरून निघेल.

ताईंनी आकडा लिहिला. सत्तेचाळीस म्हणून दूध वाढवलं. पोरीचं पोट आधीच बिघडलं होतं, म्हणून तर उतरली होती, ते मला काय कळणार. मी दुकानात न जाता तिथेच बाकावर बसलो होतो. बसवत नव्हतं, उठवतही नव्हतं. दुसऱ्या वेळचं दूध दिलं आणि आतून ताईंचा आवाज आला. पोरीनं दूध उलटलं, श्वास अडकला, ओठ जांभळे. ताईंनी तिला पालथी धरली, रबरी फुग्यानं नाक-तोंड ओढून साफ केलं, टाचांवर टिचक्या मारत राहिल्या. मी मोजत होतो. मोजायची सवय. अकरापर्यंत पोचलो तेव्हा तिनं श्वास घेतला.

ताईंच्या कपाळावर घाम. म्हणाल्या, "वजन चढतंय, मग हे का?" आणि पुढच्या दुधाची वाटी तशीच भरलेली, टेबलावर.

मी म्हटलं, "ताई, चढलं नाही. एक्केचाळीस होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कुमुदिनीपण. ताईंनी वाटीतलं दूध मोरीत ओतलं, कागदावरचा आकडा खोडला, डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. दिवसभर पोरीला नुसतं ग्लुकोजचं पाणी थेंब थेंब दिलं. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "महिपतराव, काटा कसा धरायचा ते मला शिकवा."

शिकवला. दोरी कुठे पकडायची, श्वास कसा रोखायचा, सगळं. दुसऱ्या दिवसापासून तराजू त्यांच्या हातात आणि मी दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून. आठ दिवस कुमुदिनी माझ्याशी बोलली नाही. आतून ताईंचा आवाज यायचा. चाळीस. चाळीस. एक्केचाळीस. मग एके सकाळी त्यांनी खणखणीत आवाजात पुकारलं, "लाभ शेर सेहेचाळीस," आणि शेजारच्या खोलीतल्या बायका हसायला लागल्या. कुमुदिनी बाहेर आली, माझ्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली.

त्यानंतर पोरगी थांबलीच नाही. बावन्न, अठ्ठावन्न, सहासष्ट. सूर्याजीरावांना रोज पोस्टकार्ड. शेवटी शेवटी इस्पितळाच्या दारात शेटजी, हमाल, टांगेवाला दौलतसिंह, सगळे यायला लागले. थंडी अशी की दात वाजतायत, पण कुणी हलत नाही. डिसेंबरात एका सकाळी आत इतका वेळ आवाजच आला नाही. मी भिंतीवरची नखाएवढी भेग बघत उभा. मग सुधाताईंचा आवाज, हवालदाराचा नव्हे, साधा बाईचा. "दोन शेर. वर एक तोळा. कुमुदिनी, मांडी घाल."

दौलतसिंहानं पगडी काढून हवेत फेकली, ती नाल्यात पडली. मी आत गेलो नाही. आधी आईनं घ्यावी.

ती समोर ओट्यावर बसून चणे खातेय, तीच. इंदुमती. चणे कमी, बडबड जास्त. गेल्या महिन्यात चार वर्षं पूर्ण झाली. यात्रेत, मेळ्यात लोक नातवंडांना काट्यावर उभं करतात, मी पुढे निघून जातो. तिला मी पुन्हा तोललेलं नाही. कुमुदिनी म्हणते, "आबा, झालं गेलं, शाळेच्या कागदावर वजन लिहायचंय, घाला ना पारड्यात." मी शेजारच्या दुकानात पाठवणार होतो, पण ते झुकतं तोलतात.

तुमची वजनं आज पेटीतून निघाली, कुणाचा हात लागलेला नाही. तुम्ही आमचे कुणी लागत नाही. मोठा काटा आत आहे, पारड्यावर पोतं अंथरून देतो. साहेब, तिला तुम्ही तोला. मी इकडे तोंड करून उभा राहतो. आकडा जो येईल तो, तेवढा जरा मोठ्यानं सांगा.