घरच्यांचं टेबल

आर्डिस हॉगेनला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. मिनेसोटातल्या लिंडाल गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि अर्ध्या गावाला त्याचा थोडा जाचही होता. तिचे आजोबा नॉर्वेहून आले ते दगड वेचून शेत करायला. त्यांच्याकडून नातीकडे दोनच गोष्टी आल्या: जेवणाआधीची नॉर्वेजियन प्रार्थना आणि रिकामं बसलेल्या माणसाबद्दलची नाराजी.

नवरा गेला तेव्हा तिचा मुलगा कर्ट जेमतेम शाळेत जायला लागला होता. त्याच शाळेच्या जेवणघरात नोकरी करून तिने त्याला वाढवलं, त्याच्या हॉकीच्या एकूण एक सामन्याला बर्फात उभी राहिली. उरलेला सगळा वेळ तिने गावाला देऊन टाकला, कुणी मागितला नव्हता तरी. रक्तदान शिबिरातली बिस्किटं तिची, म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे नेणारी गाडी तिची, आणि चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर म्हणजे तर तिचं संस्थानच.

गावात कुणी गेलं की वर प्रार्थना होई आणि मग सगळे या तळघरात जेवायला उतरत. हॅमची सँडविचेस, रंगीत जेली, आणि आर्डिसची कॉफी. अंडं कवचासकट फोडून ते कॉफीच्या भुकटीत कालवायचं, तो लगदा उकळत्या पाण्यात सोडायचा, आणि शेवटी वरून गार पाणी ओतायचं. गाळ तळाशी बसतो आणि वर चहासारखी नितळ कॉफी राहते. या स्वयंपाकघराचे नियम दोन. सगळे कप मोजून कपाटात गेल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांनी आत पाऊल टाकायचं नाही. कितीतरी बायका रडवेल्या डोळ्यांनी त्या दारापर्यंत आल्या, "काही मदत करू का?" म्हणाल्या, आणि आर्डिसने प्रत्येकीच्या खांद्याला धरून तिला वळवलं. "आज तुझं काम नाही. जा, बस." किती मायाळू बाई, असं लोक म्हणत. तिलाही तसंच वाटे.

२००७च्या जानेवारीत कर्ट गेला. मिनिॲपोलिसच्या ऑफिसात मीटिंग संपली, खुर्चीवरून उठला आणि खाली कोसळला. डॉक्टर हृदयाचं काहीतरी म्हणाले. ते नाव आर्डिसने ऐकलं आणि त्याच क्षणी विसरली.

तिला काहीच वाटेना. खरोखर काहीच नाही. फोन आला तेव्हा ती पाव भाजत होती. फोन ठेवून तिने पाव वेळेवर बाहेर काढला. शवपेटीतला चेहरा पाहिला तेव्हाही तिला एवढंच दिसलं की भांग चुकीच्या बाजूने पाडलाय. आपण पोटच्या पोरासाठी रडू शकत नाही म्हणजे आपल्यात काहीतरी मोडलंय, याची तिला भीती वाटत होती. पण ती भीतीसुद्धा लांबून, भिंतीपलीकडून ऐकू आल्यासारखी.

चर्चमध्ये तिच्या शेजारी सून बसली होती. उपासना नागपूरची. शिकायला मिनिॲपोलिसला आली, तिथेच कर्टच्या ऑफिसात लागली. पहिल्याच भेटीत आर्डिसने "मला आर्डिस म्हण" असं बजावलं होतं. "सासूला नावाने हाक मारायची? माझी जीभच रेटणार नाही," असं म्हणून उपासनाने तिला आई केलं ते कायमचं. त्याच दिवशी तिने लेफ्सं लाटलं, म्हणजे नॉर्वेजियनांची बटाट्याची पातळ पोळी. ती इतकी गोल आणि झिरझिरीत की चाळीस वर्षं लेफ्सं लाटणारी आर्डिसची मैत्रीण व्हर्ना दोन दिवस घुश्शात होती. आता तीच उपासना प्रार्थना चालू असताना ओठांतल्या ओठांत त्रिशरण म्हणत होती. तिचे डोळे सुजले होते. आर्डिसला तिचा हेवा वाटला.

मग सगळे तळघरात उतरले आणि आर्डिसला घरच्यांच्या टेबलावर बसवण्यात आलं.

हे टेबल तिने शेकडो वेळा मांडलं होतं. त्या टेबलाशी बसली मात्र कधी नव्हती, नवऱ्याच्या वेळीही नाही. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसे आणि आतला आवाज ऐकू येई. सुरी, नळ, कपांचा किणकिणाट. पुढ्यात कॉफी आली. गढूळ होती. व्हर्ना गार पाणी ओतायला विसरली होती.

आर्डिस उठली. त्या क्षणी तिला जगात एकच गोष्ट हवी होती, तो मोठा किटलीवजा डबा आणि लोटाभर गार पाणी. ती दारापर्यंत पोचली तोच व्हर्ना आडवी आली. चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिने आर्डिसला खांद्याला धरून हळूच वळवलं.

"आज तुझं काम नाही, आर्डिस. जा, बस."

शब्दन् शब्द तिचाच होता. आर्डिस परत येऊन बसली. हात मांडीवर ठेवले. ते तिचे वाटेनात. लोक येत होते, वाकून काहीबाही बोलत होते, ती "थँक यू" म्हणत होती. आपण इतकी वर्षं त्या बायांना कुठे पाठवत होतो ते तिला आता कळलं. कळलं, तरी आत काही हललं नाही.

उपासना मात्र हे सगळं बघत होती.

थोड्या वेळाने आर्डिसच्या लक्षात आलं की टेबलावरचे कप दिसत नाहीयेत. व्हर्नाने उचलले असतील, म्हणून तिने सोडून दिलं. सामसूम झाल्यावर उपासना तिला गाडीकडे घेऊन निघाली. सुनेच्या खांद्यावरची कापडी पिशवी गप्प राहत नव्हती. पावलागणिक किणकिणत होती.

घरी आल्यावर उपासना कोट न काढताच स्वयंपाकघरात गेली आणि पिशवी सिंकमध्ये रिकामी केली. चर्चचे पांढरे कप, हिरव्या काठाच्या बशा, खरकट्या, तळाशी गढूळ कॉफी वाळलेली.

"उपासना! हे चर्चचे आहेत."

"माहितीये. चोरलेत." ती खुर्चीवर टेकली. "आई, आमच्याकडे माणूस गेलं की घरात चूल पेटवत नाहीत. शेजारीपाजारी जेवण आणतात, आपापल्या भांड्यांतून. माझे आजोबा गेले तेव्हा माझ्या आईला कुणी काही करू दिलं नाही. पण ती भांडी तर परत द्यायची असतात ना, ती घासूनच द्यावी लागतात. आई अंगणातल्या नळावर बसली आणि लोकांची पातेली घासत राहिली. तेव्हा रडली ती. आधी नाही." ती थांबली. "इथे तुम्हाला तेवढंही कुणी ठेवलं नाही."

आर्डिसने बाह्या वर सारल्या, गरम पाणी सोडलं आणि पहिला कप हातात घेतला. पाणी कढत होतं. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी भाजलं.

तेवढ्यात फोन वाजला. उपासनाने तो तिच्या कानाशी धरला. पलीकडे व्हर्ना, रडकुंडीला आलेली. "आर्डिस, आज तुला त्रास द्यायला नको होता गं, पण कप कमी भरतायत. तीनदा मोजले. सगळ्या जणी थांबल्यात. तुझा नियम आहे म्हणून—"

"माझ्याकडे आहेत," आर्डिस म्हणाली. "घासून आणते. घरी जा तुम्ही." आणि आवाज फुटण्याआधी घाईने म्हणाली, "आणि व्हर्ना, गार पाणी विसरलीस. कर्टला गढूळ कॉफी कधीच आवडली नाही."

मुलाचं नाव तोंडातून गेलं आणि तिचा बांध फुटला. सिंकच्या कडेला कोपरं टेकून, वाकून, ती मोठमोठ्याने रडली. अशी ती नवऱ्याच्या वेळीही रडली नव्हती. तेव्हा कर्टचा डबा करायचा होता. रडतानाही हात थांबले नाहीत. ती घासत होती, उपासना पुसत होती, आणि दोघींपैकी कुणीही कुणाला समजावलं नाही.

बशा झाल्या. कप झाले. सिंकमध्ये आता नुसता फेस उरला. आर्डिसने फेसात हात फिरवून पाहिलं, काहीच लागलं नाही. तिने घाबरून सुनेकडे पाहिलं.

उपासनाने नुकताच पुसून ठेवलेला कप उचलला, उजेडाकडे धरला आणि तिच्या हातात दिला.

"आई, हा नीट निघाला नाहीये."