साकवाचं गाऱ्हाणं

कातळवाडी आणि सावर्ड्याचा रस्ता यांच्यामध्ये एक व्हाळ होता. त्या ओढ्यावरून पलीकडे नेणारा साकव गेल्या पावसात वाहून गेला आणि वाडी कपाळाला हात लावून बसली. सखूला मात्र बसून चालणार नव्हतं. तिची लेक हौसा श्रावणात बाळंत होणार होती आणि दवाखाना पल्याड.

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी टीव्हीवर मंत्री लोकांच्या फोनला थेट उत्तरं देणार होते. वाडीचं पोस्ट म्हणजे पोस्टमास्तर श्यामरावांच्या घराची पडवी. फोन तिथे, टीव्हीही तिथेच. श्यामरावांनी ट्रंक कॉल लावून ठेवला. बोलणार कोण, हा प्रश्नच नव्हता. देवळात गावाचं गाऱ्हाणं घालणारे भिकाजीच बोलणार.

फोन लागला. भिकाजींनी टोपी सारखी केली.

"बा म्हाराजा, तू आमचा मायबाप, तुज्या पायाशी ही वाडी उभी हाय..."

"व्हय म्हाराजा," पडवीत जमलेली सगळी वाडी देवळातल्या सवयीने म्हणाली. सखूसुद्धा.

पडद्यावर मंत्री गालात हसले. भिकाजी ग्रामदेवतेपर्यंत पोचले, तरी साकवाचं नाव निघेना. सखूचा जीव टांगणीला लागला.

"सखूबाई," श्यामराव हळूच म्हणाले, "देवाला आपण निवडून दिलेलं नाही, यांना दिलंय. यांना जाब विचारायचा असतो. नुसतं व्हय म्हणत राहिलात, तर कॉल संपेल."

सखूने भिकाजींच्या हातून रिसिव्हर ओढूनच घेतला!

"सायब, माजी लेक श्रावणात बालंत व्हनार हाय. व्हालाला पानी आला की ती पल्याड कशी जानार? साकव कदी बांधनार?"

मंत्र्यांचं हसू मावळलं. "बघतो, बाई."

"बगतो नको. कदी, ता सांगा. सगला मुलूख ऐकतोय."

मंत्र्यांनी समोरचे कागद चाळले. "पावसाच्या आधी," ते म्हणाले.

सगळ्यांदेखत दिलेला शब्द फिरवणार कसा? मिरगाआधी साकव उभा राहिला. श्रावणात हौसा त्यावरून डोलीतून गेली आणि लेकीला घेऊन आपल्या पायांनी परत आली.

दसऱ्याला मंत्री हार घालून घ्यायला आले. भिकाजी उठले.

"गाऱ्हाना देवलात," ते म्हणाले. "हितं सवाल. सायब, साकव झाला, बरा झाला. आता वाडीत यष्टी कदी?"

"कदी?" अख्खी वाडी एका सुरात म्हणाली. नातीला कडेवर घेतलेल्या सखूचा आवाज सगळ्यांत वर होता.

वाचकहो, ज्यांना आपणच खुर्चीवर बसवलं, त्यांच्यापुढे हात जोडून उभं राहू नये. सरळ विचारावं आणि उत्तर मिळेपर्यंत जागचं हलू नये.