कोपराखालचा सूर

मावशी डाव्या हाताने उजव्या हातावरचा पट्टा ओढून काढायला लागली, तेव्हा चिमणी पुढे झुकली.

पट्टा तिनेच बनवला होता. घरात ती अजून चिमणी असली, तरी कार्यशाळेत चार माणसं तिच्या हाताखाली होती. व्यायाम करताना स्नायू जागा झाला की पट्ट्यातून सूर निघे, जोर वाढला की सूर चढे. धावपटूंनी तर पट्टा डोक्यावर घेतला होता. पण जिच्या मांडीवर ती वाढली, त्या मावशीच्या हातावर त्याची दातखीळ बसली. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून शिवणकाम करणारं ते मनगट काही केल्या उचललं जात नव्हतं.

"पुरे झालं बाई," मावशी म्हणाली. "रोज याची मनधरणी करायची, आणि हा ढिम्म! उद्यापासून व्यायाम बंद. डाव्या हाताने कात्री धरेन."

"मावशी, फक्त एकदा..."

"एकदा-एकदा करत सगळा उन्हाळा खाल्लास माझा!"

चिमणीने पट्ट्याला जोडलेल्या यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. सपाट रेघ. आणि कोपऱ्यात, यंत्राने कचरा म्हणून गाळलेल्या खरखरीची राखाडी पट्टी. तिथे तिची नजर अडकली. एवढ्याहून बारीक जे येईल ते गाळून टाकायचं, हे तिनेच ठरवलं होतं. तेही धावपटूंच्या दणकट पोटऱ्या बघून! तीच चाळणी तिने या निजलेल्या हाताला लावली होती.

"थांब गं, काढू नकोस."

तिने चाळणी बंद केली, आवाज वाढवला. खोलीभर खरखर पसरली.

"हे काय, कानाचे पडदे फाडतेस?"

"आता मनगट उचल. नाही उचललं तरी चालेल, नुसतं मनात आण."

मावशीने डोळे मिटले. आणि खरखरीच्या तळातून एक गुंजन वर आलं. कापरं, केसाएवढं बारीक. मनगट जागचं हललं नव्हतं.

"आता सोड."

गुंजन विरलं.

"पुन्हा."

पुन्हा आलं.

"हे तुझं यंत्र करतंय ना गं?" मावशी कुजबुजली.

"नाही मावशी. तू करतेस."

चिमणीच्या अंगावर सरसरून काटा आला. पट्ट्यातली तार न् तार तिच्या ओळखीची, पण ऐकू येत होतं ते तिने घडवलेलं नव्हतंच. मनात उठलेली इच्छा, जिला ना वजन ना रंग, ती मस्तकातून निघून ढासळलेल्या वाटेने कोपराखाली पोहोचत होती. ज्याने हा देह रचला, त्याने निरोप नेणाराही किती चिवट ठेवला होता! रोज येऊन तो दार वाजवत होता, आणि आपण आत कुणी नाही असं समजून बसलो होतो. तिची मान आपोआप लवली.

"म्हणजे एवढे दिवस हा बोलतच होता?"

"हो. माझ्या यंत्राला ऐकू येत नव्हतं."

मावशीने झोपेतून उठवलेल्या बाळासारखा उजवा हात कुरवाळला. पदराने डोळे पुसले, पाठ ताठ केली. गुंजन उमटलं, विरलं, पुन्हा उमटलं. या खेपेला किंचित चढलंही.

"मावशी, दमशील हं. आज इतकं पुरे, उद्या..."

"गप्प बस गं," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "मध्ये बोलू नकोस. ऐकू दे."