सुकाणूची खिट्टी

"नेमके कुठं पडले हे?" स्टूटहॉफबाईंनी विचारलं तेव्हा बोट ब्रुकलिनहून नुकतीच सुटली होती. डेकवर कोबीच्या गाड्या, घोडे, माणसं अशी खच्चून गर्दी. मी बोटानं जागा दाखवली. तिथं एक जाडा कसाई पाय पसरून पेंगत होता.

बाई त्या जागेकडे बघत राहिल्या. त्यांचे यजमान गॅरेट तेवीस वर्षं ही बोट हाकायचे. मी खिट्टीवाला.

आमची 'एलिझा बर्गन' दोन तोंडांची. जाताना जे नाक, येताना तीच शेपूट. वळायची भानगडच नाही. सुकाणू दोन्ही टोकांना. जे टोक पुढे असेल तिथलं सुकाणू लोखंडी खिट्टी घालून जखडायचं, नाहीतर पाणी त्याला ओढतं आणि बोट तिरकी पळते. एका टोकाची खिट्टी माझ्याकडे. काठाला बोट टेकली की दणका बसायचा आणि माझा हात आपोआप चालायचा: एका काठाला खिट्टी काढायची, दुसऱ्या काठाला घालायची. अकरा वर्षं, दिवसातून पंधरा वेळा. झोपेतसुद्धा जमलं असतं मला.

मग उत्तर-दक्षिणेचं युद्ध पेटलं. आरमारानं बोट घेतली, बाकं उपटली, तोफा चढवल्या, लोखंडी पत्रे ठोकले. बोटीबरोबर आम्हीही गेलो. गॅरेट म्हणाले, गिऱ्हाईक बदललं, बाकी काही नाही. दक्षिणेतल्या अरुंद नद्यांत वळायला जागा नसायची, म्हणून तर आमचं हे ध्यान त्यांना हवं होतं.

मे महिन्यात एका वळणावर दोन्ही काठांवरून गोळीबार सुरू झाला. माघारी निघायचं ठरलं, म्हणजे माझं टोक पुढे. इशाऱ्याची घंटा वाजली असणार. तोफांच्या आवाजात मला ऐकू आली नाही. पण बोटीची चाकं उलटी फिरू लागलेली मला दिसत होती, तरी मी खिट्टी धरून उभाच. वाट बघत होतो दणक्याची. भर नदीत कुठला आलाय दणका, पण हाताला कोण सांगणार? बोट तिरकी होऊन चिखलाकडे सरकायला लागली. गॅरेट बोट हाकायच्या पत्र्याच्या खोलीतून बाहेर आले, उघड्या डेकवरून चालत माझ्यापाशी आले, माझ्या हातातली खिट्टी घेऊन त्यांनीच ती बसवली. शिवी नाही, काही नाही. परत जाताना गोळी लागली त्यांना.

गॅरेट गेल्याचं आरमाराचं पत्र बाईंना आलं, त्यात माझं नाव नव्हतं. युद्ध संपल्यावर तोफा उतरल्या, बोट पुन्हा फेरीला लागली आणि मीही. बाई दर मंगळवारी, शुक्रवारी बहिणीकडे जायला आमच्याच बोटीवर यायच्या. ह्यांच्या बोटीवर बसलं की बरं वाटतं, म्हणायच्या. माझ्यासाठी सफरचंदाचा केक आणायच्या. दोन वर्षं मी तो निर्लज्जासारखा खाल्ला.

त्या दिवशी जागा बघून झाल्यावर त्यांनी पुढचंही विचारलं. "पण खोली सोडून हे बाहेर आलेच कशाला, टोबायस? पत्रात तेवढंच लिहिलेलं नाही."

मी सांगून टाकलं. सगळं.

बाईंनी पुन्हा त्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्यांनी लिहिलं होतं मला. टोबायस अजून दणक्याची वाट बघतो, आम्ही चिडवतो त्याला, असं. मी हसले होते रे वाचून."

मला तोंड वर करवेना.

"तू मुद्दाम नाही केलंस. कळतं मला," त्या म्हणाल्या, आणि काठ आल्यावर गर्दीबरोबर उतरून गेल्या.

शुक्रवारी त्या आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. वाटलं, आजारी असतील. मग तिकीटवाला म्हणाला, बाई आताशा वरच्या धक्क्यावरून दुसऱ्या बोटीनं जातात. दीड मैल चालायचं, तेही त्या दुखऱ्या गुडघ्यांनी आणि या बर्फात.

भर नदीत कधीकधी दोन्ही बोटी शेजारून जातात. काळी शाल घेतलेल्या बाई तिकडच्या कठड्याशी उभ्या दिसतात. तोंड फिरवत नाहीत. आमची बोट पार लांब जाईपर्यंत तिच्याकडेच बघत राहतात. मी तेवढा वेळ चिमणीच्या आडोशाला जाऊन उभा राहतो, म्हणजे त्यांना नुसती बोट दिसेल.